आरोळीवाल्याची बिअर

बायको गेलेल्या पुरुषाला पहिले काही आठवडे लोक जेवण देतात आणि त्यानंतर छंद सुचवतात. जेवण थांबेल त्या दिवशी छंद सुरू व्हावा, असा साधारण नियम आहे. मधे अंतर पडलं तर माणूस विचार करू लागतो, आणि विधुराने विचार करणं कोणत्याही नगरपालिकेला परवडत नाही.

उल्वेदालच्या दरीत या कामासाठी नगरपालिकेने एक बाई नेमलेली आहे. ती ओस्लोहून आली आहे, शिकलेली आहे, प्रेमळ आहे आणि गाडीत कायम लोकरीचा एक जास्तीचा गुंडा ठेवते. तिच्या पाहणीप्रमाणे दरीतले तीन चतुर्थांश विधुर लाकूड फोडतात. उरलेल्यांचं लाकूड फोडून संपलेलं असतं, म्हणून ते रचलेली थप्पी उतरवून दुसऱ्या भिंतीला रचतात. (एकाने तीच थप्पी हिंडवून पुन्हा मूळच्या भिंतीला आणली, तेव्हा त्याची प्रगती समाधानकारक ठरली.)

ही बाई ब्रिन्युल्फकडे आली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता आणि त्याची बायको सिन्नोवे मे महिन्यात गेली होती. ब्रिन्युल्फ हा आयुष्यभर लाकूड कापण्याच्या गिरणीत काम केलेला माणूस. लाकडाकडे बघून त्याला आराम वाटेल, ही शक्यता नव्हती. बाईच्या ते लक्षात आलं.

"तुम्हाला काय करायला आवडतं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"असं कसं? लोक तर सांगतात, तुमची बिअर म्हणजे सगळ्या दरीत एक नंबर."

ब्रिन्युल्फने खिडकीबाहेर पाहिलं.

"मग झालं तर!" बाई म्हणाली. "घरी बिअर करणं. किती छान छंद आहे. तुमच्या हातात कलाच आहे म्हणतात."

आता उल्वेदालमध्ये घरी बिअर करण्याला छंद म्हणणं म्हणजे श्वास घेण्याला व्यायाम म्हणणं. इथे नाताळच्या आधी प्रत्येक शेतघरात बिअर होते. ज्या घरात होत नाही तिथे कुणी आजारी आहे असं समजतात. कुणी आजारी नसेल, तर घर विकायला काढलंय असं समजतात आणि किंमत विचारायला येतात. तेव्हा ब्रिन्युल्फपुढे प्रश्न छंदाचा नव्हताच. प्रश्न असा होता की चाळीस वर्षं ज्याच्या बिअरचं नाव निघालं, त्याला बिअर कशी करतात हे माहीत नव्हतं.

हे कुणाला अशक्य वाटेल, म्हणून त्या घरातली कामाची वाटणी सांगणं भाग आहे. सिन्नोवे जवाला मोड आणायची, ते वाळवायची, भरडायची. डोंगरावर जाऊन जुनिपर नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या तोडून आणायची आणि त्या उकळून पाणी करायची. अंगणाच्या कडेला चुलीचं एक वेगळं घर होतं. तिथल्या तांब्याच्या कढईखाली जाळ घालायची, भरड भिजवायची, तिचा गोड रस गाळायची, तो आटवायची, हॉपची कडू फुलं टाकायची, पिंप धुवायची, रस निववायची, विरजण घालायची, पिंपाला पांघरूण घालायची, विरजण काढून वाळवायची आणि शेवटी कढई घासायची.

ब्रिन्युल्फ आरोळी मारायचा.

आरोळीचं महत्त्व बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. विरजण रसात पडतं त्याच क्षणी घरातल्या एकाने पिंपावर वाकून जिवाच्या आकांताने ओरडायचं, अशी दरीची रीत आहे. आरोळी जितकी जोरदार, बिअर तितकी कडक. मवाळ माणूस ओरडला तर बिअर मवाळ होते, आणि कुणी नुसताच खाकरला तर तिचं ताक होतं. असं का होतं, हे विचारणारा माणूस दरीत अजून जन्माला आलेला नाही. (बाहेरून आलेले विचारतात. त्यांना पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.) ब्रिन्युल्फचा आवाज गिरणीतल्या करवतीच्या वर चढवून चढवून तयार झालेला. तो ओरडला की नदीपलीकडच्या लायडुल्फच्या गायी माना वर करायच्या. त्यामुळे दरीत कुणाला शंकाच उरली नाही, की ही बिअर ब्रिन्युल्फची.

त्याची आणखीही कामं होती, ती लपवणं बरोबर होणार नाही. चुलीच्या घरातून धूर निघू लागला की तो रस्त्यावरून दिसेल अशा बेताने अंगणात उभा राहायचा. बिअर तयार झाली की शेजाऱ्यांना चाखायला बोलावतात. त्या दिवशी तो पिंपावर एक हात ठेवून उभा राहायचा. हात ठेवण्यातही काही पद्धत असते. फार दाबून ठेवला तर गर्व दिसतो, बोटं नुसती टेकवली तर शंका दिसते. त्याला बरोबर जमायचं.

आणि वसंतातली गोष्ट. हॉस्पिटलने सिन्नोवेला घरी सोडलं, म्हणजे त्यांच्याकडून करण्यासारखं संपलं, तेव्हा ती म्हणाली, "थोडी बिअर घालून ठेवते. जास्तीची असू दे." कशासाठी जास्तीची, हे ब्रिन्युल्फने विचारलं नाही. त्याने आरोळी मारली. मे महिन्यात चर्चच्या आवारातून परत आल्यावर रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाच्या नावाने बिअर प्यायची, तेव्हा लोक ती प्याले. लायडुल्फ पेला संपवून म्हणाला, "वाईट नाही." मग एकेकाने ब्रिन्युल्फचा हात हातात घेऊन सांगितलं, की एवढ्या दुःखातही तुझा हात चुकला नाही हो. ब्रिन्युल्फने मान हलवली. (हात खरंच चुकला नव्हता. तो पिंपावरच होता.)

तेव्हा नगरपालिकेची बाई गेल्यावर ब्रिन्युल्फ विरजण शोधायला उठला.

या विरजणाविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढे सगळं त्याच्यावर आहे. लाकडाच्या लहान कड्यांची एक माळ असते. ती पिंपात सोडायची. बिअर झाली की विरजण कड्यांना चिकटून येतं. माळ वाळवून ठेवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा सोडायची. सिन्नोवे लग्न होऊन आली ती आईकडची अशी माळ एप्रनमध्ये गुंडाळून घेऊन आली होती, आणि तिची आई तिच्या आईकडून. विरजण जिवंत असतं, आणि त्याला वर्षाकाठी एकदा तरी खायला घालावं लागतं, नाहीतर ते मरतं. शेजारच्या घराला द्यायला हरकत नसते, पण दुसऱ्याच्या पिंपात दोनचार हंगाम गेले की ते त्या घराचं होतं, सासरी गेलेल्या मुलीसारखं. चव बदलते, नाव बदलतं. दरीतली सात घरं आजही आपलं जुनं विरजण वापरतात, आणि वीस घरं वापरतो म्हणून सांगतात. (दुकानातली यीस्टची पाकिटं कोण विकत घेतं, हे दुकानदारालाही कळलेलं नाही.)

म्हणजे सिन्नोवेचं म्हणता येईल असं, आणि अजून जिवंत असलेलं, घरात एवढंच होतं. आणि ते कुठे होतं, हे ब्रिन्युल्फला माहीत नव्हतं.

त्याने धान्यकोठी पाहिली. माळा पाहिला. कपाट उघडलं, त्यात टेबलावर घालायची कापडं होती. त्यांचा त्याला कधी संशयही आला नव्हता. शेवटी तो जिन्याच्या पायथ्याशी आला आणि वर तोंड करून ओरडला, "अगं, विरजण कुठे ठेवलंयस?"

आणि उत्तर ऐकायला थांबला.

बायको गेल्याचं माणसाला एकदाच कळवतात, हा शासकीय गैरसमज आहे.

माळ सापडली ती जवाच्या पिठाच्या पेटीत, पिठात पुरलेली. या पेटीवर बसून तो चाळीस वर्षं बूट घालत होता.

आता प्रत्यक्ष कृती. ब्रिन्युल्फ काही मूर्ख नव्हता. चाळीस वर्षं हे सगळं त्याच्यादेखत झालं होतं. फक्त तेव्हा त्याची पाठ चुलीच्या घराकडे आणि तोंड रस्त्याकडे असे. त्यामुळे त्याला प्रत्येक टप्प्याची सुरुवात माहीत होती आणि प्रत्येक टप्प्याचा वास माहीत होता. मधलं तेवढं राहिलं होतं.

जुनिपरच्या फांद्या किती घ्यायच्या? सिन्नोवे पाठीवरून आणायची, म्हणून त्यानेही पाठीवरून आणल्या. पाठ मात्र त्याची होती, तिची नव्हती. त्या हिशेबाने पाणी इतकं गडद झालं की कढईचा तळ दिसेना. जव भिजले, रस निघाला, तो कढईत आटायला लागला. धूर वर गेला. धूर वर गेला म्हटल्यावर ब्रिन्युल्फ सवयीने अंगणात जाऊन उभा राहिला.

रस्त्यावरून लायडुल्फ ट्रॅक्टर घेऊन चालला होता. त्याने ट्रॅक्टर थांबवला.

"घातलीस का?"

"घातली."

"एकटाच?"

"मग? आधी काय पलटण होती?"

लायडुल्फने धुराकडे पाहिलं. "धूर काळा दिसतोय," तो म्हणाला.

"यंदाचं लाकूड तसंच आहे," ब्रिन्युल्फ म्हणाला. ही गोष्ट गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाने सांगितल्यामुळे लायडुल्फला मान्य करावी लागली. ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर ब्रिन्युल्फ आत गेला. रस तळाला लागला होता. अशा रीतीने ही बहुधा दरीतली पहिली बिअर असावी, जी अभिनंदन स्वीकारताना करपली.

त्याने वरचा रस काढून घेतला. तो निववायचा होता. फार गरम असला तर विरजण भाजून मरतं, फार गार असला तर ते उठत नाही. सिन्नोवे कोपर बुडवून पाहायची, हे त्याला पक्कं आठवत होतं. त्यानेही कोपर बुडवलं, शर्टाच्या बाहीसकट. बाही ओली झाली. निष्कर्ष निघाला नाही. बाही वर करून पुन्हा बुडवलं, तर कोपराला काही समजेना. कोपराला असलं काही विचारण्याची त्याच्यावर आजवर वेळच आली नव्हती. शेवटी, फार गरमही नाही आणि फार गारही नाही, असं त्याने बहुमताने ठरवलं. मग माळ घेतली आणि पिंपात सोडली.

सगळी.

इथे दरीतला कुणीही वाचक हातातलं पुस्तक खाली ठेवील. उल्वेदालमध्ये माणूस दारू पिऊन गाडी चालवील, शेजाऱ्याची हद्द सरकवील, पण सगळी माळ पिंपात घालणार नाही. अर्धी घालतात. अर्धी कोरडी राखतात. पिंप बिघडलं, रस गरम निघाला, तर ती राखलेली अर्धी माळ हेच त्या घराचं उद्याचं विरजण. सिन्नोवे दरवर्षी माळेच्या मधली गाठ सोडायची. ब्रिन्युल्फला वाटायचं, ती गाठ नीट बांधते आहे.

माळ बुडाली. आता आरोळी.

आरोळीच्या बाबतीत तरी त्याला काही शिकायचं नव्हतं. तो पिंपावर वाकला, दोन्ही हात काठावर ठेवले, छाती भरून घेतली आणि थांबला. माळ सोडताना सिन्नोवे म्हणायची, "हं, आता." चाळीस वर्षं तो त्या दोन शब्दांवर ओरडत आला होता. ते शब्द आले नाहीत. तो तोंड उघडं ठेवून उभा राहिला. रस निवत चालला होता. शेवटी काम अडू नये म्हणून त्याने स्वतःच म्हटलं, "हं, आता." आपल्याच तोंडून ते ऐकल्यावर त्याच्या छातीतून जे बाहेर पडलं, त्याला काय म्हणायचं ते दरीने आपल्या परीने ठरवलं.

नदीपलीकडे लायडुल्फच्या गायींनी माना वर केल्या आणि बराच वेळ खाली केल्या नाहीत. वरच्या वाडीतला कुत्रा भुंकायचं सोडून घरात गेला. लायडुल्फ गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. ही कृती आपण का केली, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही.

"ऐकलंस?" तो आत येऊन बायकोला, हालडिसला म्हणाला. "गेल्या चाळीस वर्षांत असा ओरडला नव्हता. यंदा बिअर घोड्याला लोळवणार."

"ती आरोळी नव्हती," हालडिस म्हणाली.

"मग काय होतं?"

हालडिसने शेगडी बंद केली आणि हात पुसले. "तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "तू कॉफी पी."

पण दरीचा निर्णय तोवर झाला होता. संध्याकाळपर्यंत फोनवरून सगळीकडे बातमी गेली, की ब्रिन्युल्फने दुःख बाजूला सारून आयुष्यातली सर्वोत्तम आरोळी मारलेली आहे, आणि चाखायला जाताना कुणी गाडी घेऊन जाऊ नये.

पिंपाला पांघरूण घालायचं असतं. ब्रिन्युल्फने त्यावर आपला कोट घातला, गिरणीतला जुना कोट घातला, घोंगडी घातली. तरी हाताला पिंप गार लागत होतं. घरात सगळ्यात जाड कोट सिन्नोवेचा होता. तो तिच्या खुंटीवरून काढून त्याने पिंपाला घातला आणि बटणं लावली. मग त्याने पिंपाला कान लावला. विरजण जिवंत असेल तर आत बारीक आवाज येतो, असं सिन्नोवे सांगायची. ब्रिन्युल्फचे कान गिरणीने कधीच नेले होते. तरी तो दिवसाचा बराच भाग कान लावून बसे. पिंप काही बोललं की नाही ते कळलं नाही, पण बायकोचं इतकं लक्षपूर्वक त्याने कधी ऐकलं नव्हतं, याची मात्र त्याला जाणीव झाली. झाकण उघडून बघावं, तर झाकण उघडायला तिची सक्त मनाई होती. ती मनाई रद्द करणारं कुणी उरलं नव्हतं.

चाखण्याचा दिवस आला. सात-आठ घरची माणसं आली, पायी. हालडिसने येताना पातळ भाकऱ्या आणि बकरीच्या दुधाचं तपकिरी चीज आणलं. ब्रिन्युल्फने पिंपावर हात ठेवला.

आता इथे दरीतली स्तुतीची पद्धत माहीत पाहिजे. उत्तम बिअरला "वाईट नाही" म्हणतात. मध्यम बिअरला "यापेक्षा वाईट प्यालोय" म्हणतात. "वेगळी आहे" असं कुणी म्हटलं, तर यजमान पिंप गुपचूप गोठ्यामागे रिकामं करतो. याखेरीज "फार छान" असाही एक शब्दप्रयोग आहे. तो पर्यटकांपुढे, लहान मुलांच्या चित्रांपुढे आणि ज्यांची आशा डॉक्टरांनी सोडली आहे त्यांच्यापुढे वापरतात.

पहिला पेला वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने घेतला. त्याने घोट घेतला. तो तोंडातच ठेवून त्याने छताकडे पाहिलं. मग गिळला.

"फार छान," तो म्हणाला.

ब्रिन्युल्फची पिंपावर आता नुसती बोटं टेकलेली राहिली.

पेला पुढे गेला. "फार छान, ब्रिन्युल्फ." पुढे गेला. "खरंच फार छान हो." एका बाईने डोळे पुसले, ते दुःखाने की जुनिपरने हे समजायला मार्ग नव्हता. एकजण म्हणाला, "सिन्नोवे असती तर तिला किती बरं वाटलं असतं," आणि आपला पेला दोन्ही हातांनी झाकून धरला, पुन्हा भरला जाऊ नये म्हणून.

विधुराला खरं सांगत नाहीत. जगात इतरांना सगळ्या गोष्टी कमवाव्या लागतात. विधुराला पैकीच्या पैकी गुण घरपोच मिळतात. त्याने अंडं उकडलं तरी कौतुक, उकडता आलं नाही तरी कौतुक. ब्रिन्युल्फने तशी गुणपत्रिका जन्मभर घेतली होती आणि त्याला ती कधी जड गेली नव्हती. आज पहिल्यांदा त्याला उत्तर हवं होतं. बिअर नासली याचं त्याला काही नव्हतं. पण ती का नासली? त्याच्या हाताने नासली, की पिंपात मेलेली माळ पडून आहे म्हणून नासली? हे या खोलीतलं कुणी तरी घोट घेतल्याबरोबर ओळखणार होतं, आणि या खोलीतलं कुणीही त्याला सांगणार नव्हतं.

राहता राहिला लायडुल्फ. त्याने पेला रिकामा केला, म्हणजे तो धीराचा माणूस होता. त्याने तोंड उघडलं.

"फार छान म्हणालास तर तुला नदीत बुडवीन," ब्रिन्युल्फ म्हणाला.

यजमानाने बिअरविषयी मत विचारणं हा दरीत असभ्यपणा समजतात, आणि हे तर विचारण्याच्याही पुढचं होतं.

लायडुल्फने बायकोकडे पाहिलं.

"सांग की," हालडिस म्हणाली. "बायको मेलीय त्याची. तो नाही मेला."

"घाण आहे," लायडुल्फ म्हणाला. आणि एकदा सुरुवात झाल्यावर त्याला राहवेना. "करपलीय. कडू आहे. लाकडी चर्चला डांबर फासतात ना दर काही वर्षांनी, ते मी एकदा चुकून चाटलं होतं लहानपणी. ते बरं होतं."

ब्रिन्युल्फला मे महिन्यापासून एवढं बरं वाटलं नव्हतं. "आणि विरजण?" त्याने विचारलं.

"विरजणाचं काय?"

"मेलंय का?"

लायडुल्फने पेल्यात पाहिलं, वास घेतला, पेला उजेडात धरला, भुवया जवळ आणल्या. हे सगळं तो फार रुबाबात करत असे. मग त्याने पुन्हा बायकोकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतोस," हालडिस ब्रिन्युल्फला म्हणाली. "त्याला काय कळतंय? तो आमच्याकडचा आरोळीवाला आहे."

लायडुल्फला खोकला आला. खोलीतल्या आणखी दोनतीन पुरुषांनाही तो लागला.

"म्हणजे?" ब्रिन्युल्फ म्हणाला. "तुला माहीत होतं? की आमच्याकडे सिन्नोवे..."

"बायकांना सगळ्यांना माहीत होतं. विरजण काय तू द्यायचास होय आम्हाला? मागच्या दाराने सिन्नोवेच द्यायची. तू तेव्हा पुढच्या अंगणात उभा असायचास."

"आणि पुरुषांना?"

"पुरुष आपापल्या अंगणात उभे होते," हालडिस म्हणाली. तिने पेला घेतला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "हं. आता जिभेवर गोड लागतंय का काही?"

"नाही. नुसतं कडू."

"मग? साखर कुठे गेली सगळी? खाल्ली त्याने. मेलेलं खातं का? एवढं करपवलंस, एवढं काळं पाणी पाजलंस, तरी बसून सगळं खाल्लं त्याने." तिने पेला टेबलावर ठेवला. "सिन्नोवेच्या हातचं आहे. कसाही माणूस खपवून घ्यायची सवय आहे त्याला."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. ब्रिन्युल्फही हसला, पण त्याने तोंड पिंपाकडे केलं होतं, त्यामुळे ते नक्की हसणंच होतं असं प्रमाणपत्र देता येत नाही.

हालडिसने बाह्या वर केल्या आणि माळ बाहेर काढली. दोन्ही टोकं हातात धरून ती क्षणभर बघत राहिली.

"सगळी घातलीस?" तिचा आवाज खाली आला. "ब्रिन्युल्फ. सगळी?"

"मला वाटलं ती गाठ बांधायची."

"अरे देवा." तिने मधली गाठ सोडली. अर्धी माळ आपल्या फडक्यात गुंडाळली. "ही मी नेते. माझ्या पिंपात घालणार नाही, वाळवून ठेवीन. तुझ्या घराची म्हणून. पुढच्या वर्षी सकाळपासून येऊन बसेन, आणि तू अंगणात गेलास तर झाडू घेऊन येईन मागे."

"आरोळी?" लायडुल्फने विचारलं. त्याला रीतीची काळजी होती.

"आरोळी मारू दे. तेवढं येतं त्याला."

बिअरचं काय झालं, तर ती संपवावी लागली. उघडलेलं पिंप ओतून देणं अशुभ मानतात. ब्रिन्युल्फने ती नाताळभर एकट्याने प्यायली, रोज एक पेला, औषधासारखी. जानेवारीपर्यंत त्याला ती आवडू लागली, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

नगरपालिकेची बाई फेब्रुवारीत पाहणीला आली. "काय म्हणतो छंद?" तिने विचारलं.

"वाईट नाही," ब्रिन्युल्फ म्हणाला.

बाई ओस्लोची. तिला वाईट वाटलं. तिने गाडीतून लोकरीचा गुंडा आणून दिला आणि या विधुराला छंद लागू पडत नाही, असं वरिष्ठांना कळवलं. तेव्हापासून ब्रिन्युल्फ सरकारदरबारी असाध्य समजला जातो. यामुळे त्याच्याकडे आता कुणाला पाठवत नाहीत आणि त्याला घरातल्या वस्तू शोधायला निवांत वेळ मिळतो. मसाल्याचे डबे सापडले आहेत. इस्त्री सापडली आहे. विजेच्या बिलाचे पैसे कुठून आणि कसे भरले जात होते, याचा तपास चालू आहे.

असा तपास बायको हयात असतानाही करता येतो, त्याला कायद्याने बंदी नाही. परंतु उल्वेदालमध्ये कुणी तो केल्याची माहिती मिळत नाही, आणि दरीबाहेरची परिस्थिती वेगळी असेल असं मानायला आधार नाही. ही गोष्ट वाचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात वाचकाच्या स्वतःच्या घरात काहीतरी शिजलं, निवडलं गेलं, वाळत पडलं किंवा घडी होऊन कपाटात गेलं. काय, ते जागेवरून न उठता आणि न विचारता सांगून पाहावं. ज्यांना सांगता येईल, त्यांनी ही गोष्ट उभ्याने वाचली आहे, एक डोळा दुधावर ठेवून. त्यांना यात नवं काही नाही.

बाकीच्यांनी चहा घ्यावा. मघाशीच आणून ठेवलेला आहे.